खड्ड्यात आधी कोण उतरतो?

दर्यापूर तालुक्याची जमीन काळी, खोल आणि चिकण आहे. कपाशीला ती मानवते. पाणी जिरवून घेण्याच्या बाबतीत मात्र ती अत्यंत कंजूष आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. येथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही आणि संडासाच्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी जमीन स्वीकारीत नाही. २०१४ नंतर स्वच्छ भारत अभियानात घरोघर संडास उभे राहिले, अनुदानाचे हिशेब जुळले, गावे हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाली, नव्या दारांसमोर कुटुंबांची छायाचित्रे काढली गेली. त्या संडासाखालच्या टाकीचे चार-सहा वर्षांनी काय होणार, हा प्रश्न त्या हिशेबात कोठेच नव्हता. टाकी भरते. शोषखड्डा तुंबतो. मग घरमालक एका विशिष्ट वस्तीत निरोप पाठवितो. तो निरोप कोणत्या वस्तीत जातो, हे वऱ्हाडात कोणाला विचारावे लागत नाही.

आलेला माणूस झाकण सरकवितो, थोडा वेळ वाट पाहतो, वाकून वास घेतो आणि बादली घेऊन खाली उतरतो. या वाकून वास घेण्यालाच आज महाराष्ट्रातील असंख्य गावांत वायुतपासणी म्हणावे लागते. हवा विषारी असली तर ते प्रथम कळते त्या उतरणाऱ्या माणसाला. आणि कळते तेव्हा सांगण्यास तो उरत नाही. ज्या देशाने मंगळाभोवती यान फिरविले त्या देशात हवा मोजण्याचे उपकरण म्हणून माणसाचे फुप्फुस वापरले जाते, आणि त्यास अपघात असे नाव दिले जाते.

हे अपघात नाहीत, कारण त्यांची रीत ठरलेली आहे. ११ मे २०२३ च्या रात्री परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा येथे, सेप्टिक टाकी साफ करताना पाच मजूर मेले. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वी, ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, नगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी गावी एक मांजर जुन्या विहिरीत पडले. त्या विहिरीत शेणाचा गाळ साठवीत असत. मांजर काढण्यास एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा, दुसरा येईना म्हणून तिसरा. पाच जण मेले. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता व वरच्यांनी त्यास ओढून काढले. दहा हात दोराने जे केले ते पाच जणांच्या धाडसाला साधले नाही. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ मध्येच नोंदविले होते की, अशा कोंदट जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक आधी पडलेल्याला वाचविण्यास उतरलेले असतात. वाकडीची विहीर त्या नोंदीचाच मराठी तर्जुमा होय.

शहरात चित्र वेगळे नाही. तेथे फक्त इमारती उंच आहेत. मे २०१९ मध्ये ठाण्यातील ढोकाळी येथे एका श्रीमंत गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात तीन कामगार गुदमरून मेले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत गोवंडी येथे एका गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना आणखी तीन. मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या नागपाडा भागात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार कामगारांचा अंत झाला. ही टाकी मैल्याची नव्हती, साध्या पाण्याची होती. परंतु बंद टाकीतील प्राणवायू गंज व कुजणारा गाळ खाऊन टाकतात, आणि अशी हवा दिसत नाही, तिला वास येत नाही. जेथे घाण नाही तेथे धोका नाही, ही समजूत नागपाड्याच्या टाकीत बुडाली आहे.

आता या हवेत असते तरी काय? कुजणाऱ्या मैल्यातून व शेणातून मिथेन निघतो, कर्बद्विप्राणिल निघतो आणि हायड्रोजन सल्फाइड निघतो. यांपैकी शेवटचा सर्वांत दगाबाज आहे. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास हवेत अत्यल्प प्रमाण असतानाच नाकाला कळतो. पण हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे सुमारे शंभर भाग झाले की घ्राणेंद्रिय बधिर होते आणि वास येईनासा होतो. खड्ड्यावर वाकलेला माणूस समजतो की झाकण उघडल्यावर दुर्गंधी गेली, हवा सुधारली. वस्तुतः हवा बिघडलेली असते, आणि नाक मेलेले असते. प्रमाण सातशे ते हजार भागांवर गेले की एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो; शिडीची पुढची पायरी धरण्याइतकी उसंतही त्यास मिळत नाही. टाकीतला गाळ जोवर शांत आहे तोवर हा वायू त्यात कोंडलेला राहतो. फावडे मारताच, पाय पडताच तो उसळून वर येतो. म्हणून उतरण्यापूर्वी एकदा हवा तपासली आणि काम भागले, असे होत नाही. माणूस खाली असेपर्यंत हवा सतत मोजली गेली पाहिजे.

वऱ्हाडातील जुना शेतकरी विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडीत असे. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. हे शहाणपण खरे होते, आणि ज्यांनी ते जपले त्यांनी अनेक जीव वाचविले. परंतु त्याची हद्द ओळखली पाहिजे. ज्योत विझते ती प्राणवायू सोळा टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर. दशलक्षात हजार भाग हायड्रोजन सल्फाइड असताना ज्योत निवांत जळत राहते आणि माणूस मरतो. मिथेन पाच ते पंधरा टक्के असेल तर तोच कंदील खड्ड्याचा स्फोट घडवितो. उन्हाळ्यात विहीर उपसण्यासाठी डिझेलचे इंजिन आत उतरविले, तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. कंदिलाला त्याची दाद नसते. आजोबांचा कंदील आणि बापाचे नाक यांच्या भरवशावर नातवाला खाली सोडणे यास परंपरा म्हणता येईल, सुरक्षितता म्हणता येणार नाही.

इंग्लंडच्या कोळसा खाणींत हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उभा होता. तेथे जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घालून खाणीत नेण्याची पद्धत पडली. पाखराचा श्वसनवेग मोठा. विषारी वायूने ते माणसाच्या आधी मान टाकी आणि खाणकामगार मागे फिरत. १९८६ मध्ये ब्रिटिश सरकारने ही पाखरे निवृत्त करून त्यांच्या जागी हातात धरावयाची इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणण्याचे जाहीर केले. त्याच्याही आधी, १९६० च्या दशकात, जपानमध्ये घरगुती गॅसच्या स्फोटांनी माणसे मरू लागली तेव्हा नाओयोशी तागुची या संशोधकाने गळती ओळखणारा स्वस्त संवेदक तयार केला आणि तो लक्षावधी घरांच्या भिंतींवर चढला. भांडवलशाही जगातसुद्धा पाखराच्या जिवाची व भाडेकरूच्या जिवाची एवढी किंमत ठरली. महाराष्ट्रात पाखराचे काम अद्याप माणसाकडे आहे, आणि तो माणूस बहुधा ठरावीक जातींतून येतो. त्यास पिंजराही लागत नाही. पोट पुरेसे असते.

या यंत्राविषयी एक गूढ वातावरण मुद्दाम निर्माण करण्यात आले आहे. जणू ते अणुभट्टीतले काही आहे, परदेशातून यावयाचे आहे, ते चालविण्यास अभियंता पाहिजे! वस्तुस्थिती अशी की, प्राणवायू, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड व कार्बन मोनॉक्साइड हे चार घटक एकाच वेळी मोजणारे, तळहातावर मावणारे यंत्र नव्या मोटारसायकलीपेक्षा कमी किमतीत भारतीय बाजारात मिळते. ते दोरीला अडकवून किंवा नळी सोडून टाकीच्या वरच्या, मधल्या व तळच्या थरात वेगवेगळे तपासावयाचे असते, कारण काही वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतात आणि मिथेन हलका असल्याने वर राहतो. प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांखाली गेला किंवा हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात दहा भागांवर गेला, की यंत्र ओरडते, थरथरते, दिवा लुकलुकते. मोबाइल वापरणाऱ्या कोणत्याही मजुराला ते एका दुपारी शिकविता येते. सफाई कामगाराला यंत्र कळणार नाही असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला खरे तर सफाई कामगार कळलेला नसतो.

यंत्राच्या मर्यादा लपविण्याचेही कारण नाही. त्यातील संवेदक दोन-तीन वर्षांत थकतात. वापरण्यापूर्वी त्यास थोडा ज्ञात वायू दाखवून ते जागे आहे की नाही हे पाहावे लागते, ठरावीक मुदतीने त्याचे अंशांकन करावे लागते. प्राणवायू फारच कमी असलेल्या हवेत ज्वालाग्राही वायूचा काटा खोटे सांगू शकतो, म्हणून प्राणवायूचा आकडा आधी वाचावयाचा असतो. हे सारे नियमाने न केल्यास यंत्र म्हणजे गळ्यातला ताईत होतो. आणि नोकरशाहीला ताईत फार आवडतात. निविदा निघते, खरेदी होते, देयक मंजूर होते, यंत्र कपाटात जाते, कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे असते. खरेदी झाली म्हणजे सुरक्षितता झाली, असे मानणारी ही राजवट आहे.

यंत्र असून ते निकामी ठेवले म्हणजे काय होते याचा सर्वांत मोठा धडा वऱ्हाडच्या शेजारीच, मध्य प्रदेशात, गिरविला गेला. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला. त्या कारखान्यात वायूची गळती प्रथम ओळखली जात असे ती कामगारांच्या डोळ्यांना चुरचुरून पाणी येऊ लागल्यावर. त्या रात्रीही मध्यरात्रीपूर्वी कामगारांचे डोळे झोंबू लागले होते. टाकीतील दाब वाढलेला काट्यावर दिसत होता. पण काटे नेहमीच चुकीचे दाखवितात म्हणून त्यावर कोणाचा विश्वास नव्हता. विषारी द्रव थंड ठेवणारी शीतयंत्रणा आधीच बंद ठेवण्यात आली होती. जगातील एका बलाढ्य कंपनीने गळतीमापक म्हणून भारतीय कामगाराचा डोळा वापरला, आणि त्याची किंमत झोपलेल्या हजारो गरिबांनी दिली. भोपाळची टाकी आणि गावातील संडासाची टाकी यांच्या आकारात मोठा फरक आहे. हिशेबात फरक नाही: यंत्राची देखभाल खर्चात धरली जाते, माणसाचा डोळा व श्वास फुकट धरला जातो.

हा हिशेब वऱ्हाडातील शेतमजुराला नवा नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर मेले. तेव्हाही मुखवटा का घातला नाही, असे मेलेल्याला विचारण्यात आले. मुखवटा कोणी दिला होता, हे जिवंत असलेल्यांना फारसे विचारले गेले नाही.

कायदा मात्र मूक नाही, हे कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घेतले पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमात स्पष्ट लिहिले होते की, विषारी वायू असण्याचा संभव असलेल्या कोणत्याही टाकीत, खड्ड्यात वा नळीत कोणीही उतरू नये. सक्षम व्यक्तीने स्वतः तपासणी करून जागा सुरक्षित असल्याचा लेखी दाखला दिलेला असावा, नाही तर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र व बाहेर धरलेल्या दोराचा पट्टा वापरलेला असावा. स्वातंत्र्यानंतर अवघ्या वर्षभरात या देशाने हे लिहून ठेवले. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने साधनांवाचून गटारात व सेप्टिक टाकीत माणूस उतरविणे हा गुन्हा ठरविला; पहिल्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास पाच वर्षे व पाच लाख. त्या कायद्याखालील नियमांत मालकाने पुरवावयाच्या साधनांची लांबलचक यादी आहे आणि तीत चार वायू मोजणारे यंत्र नावानिशी नमूद आहे. म्हणजे हे यंत्र मागणे ही कोणाकडे केलेली याचना नव्हे. ते न देणे हाच गुन्हा आहे.

न्यायालयांनीही वेळोवेळी बजावले आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये गटारातील मृत्यूस दहा लाख रुपये भरपाई ठरविली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. गोवंडीच्या टाकीत मेलेल्या तिघांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना भरपाई देण्याची जबाबदारी न्यायालयाने शासनावर टाकली. काम खाजगी संस्थेचे होते ही सबब चालली नाही. तीन स्त्रियांनी जे मिळविले ते आज महाराष्ट्रातील प्रत्येक सफाई कामगाराच्या कुटुंबाचे हत्यार आहे. तरीही एक विसंगती डोळ्यांत सलते. मेल्यावर तीस लाख देण्यास बांधील असलेली व्यवस्था जिवंतपणी मोटारसायकलीच्या किमतीचे यंत्र देण्यास तयार नाही.

सत्ताधाऱ्यांची भाषा याहून निर्लज्ज आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले की, हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू नोंदला गेलेला नाही. मग टाक्यांत मेले ते कोण? त्यांच्यासाठी सरकारी कोशात वेगळा शब्द आहे: गटारांची व सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई. शब्द बदलला की प्रेत नाहीसे होते, अशी ही जादू! त्या दुसऱ्या रकान्यात सरकारनेच २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ मृत्यू संसदेपुढे मान्य केले आहेत. बाबासाहेबांच्या नावाने राजकारण करणाऱ्या नेत्याच्या सहीने असे उत्तर जावे, यात व्यक्तीपेक्षा सत्तेच्या खुर्चीचा गुण अधिक दिसतो.

सरकारनेच करविलेल्या सामाजिक लेखापरीक्षणाचे निष्कर्ष २०२५ मध्ये संसदेपुढे आले. २०२२ व २०२३ मधील ५४ मृत्यू त्यात तपासले होते. त्यांपैकी ४९ जणांच्या अंगावर संरक्षणाचे एकही साधन नव्हते. ही संख्या वाचून कोणी चकित होणार नाही. अधिक विचार करावयास लावणारा आकडा दुसरा आहे: ५४ पैकी ३८ जणांना कोणा कंपनीने वा नगरपालिकेने नव्हे, तर व्यक्तिशः, तोंडी बोलीवर कामास लावले होते. म्हणजे गुन्हेगार नेहमी दूरच्या मंत्रालयात किंवा गिरणीमालकाच्या बंगल्यातच बसलेला असतो असे नाही. तो दर्यापूरच्या एखाद्या गल्लीतील शिक्षक असू शकतो, पेन्शनर असू शकतो, अडत्या असू शकतो. मे महिन्याच्या दिवशी मोर्चात घोषणा देऊन घरी आलेला आणि टाकी तुंबली म्हणून निरोप पाठविणारा पक्षाचा हितचिंतकही असू शकतो. वर्गशत्रूची व्याख्या करताना स्वतःच्या अंगणातील झाकणही उघडून पाहिले पाहिजे. ते सोयीचे नसते, एवढेच.

समाजवादी चळवळीला या प्रश्नाची ओळख नवी नाही. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतःस मिळावे म्हणून उपवास आरंभिला आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे अप्पांनी कणकवलीस गोपुरी आश्रमात सुधारलेल्या संडासांचे व मैल्याच्या खताचे प्रयोग केले. त्यांचा मार्ग केवळ झाडू उचलून दाखविण्याचा नव्हता. मैल्याला हात लावण्याची पाळीच येऊ नये अशी रचना शोधण्याचा होता. मुंबई राज्याने १९४९ मध्ये सफाई कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी बर्वे समिती नेमली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात असल्याने त्या चौकशीच्या कक्षेबाहेर राहिला. आणि सफाई कामगारांच्या बाबतीत तो नंतरही बहुधा कक्षेबाहेरच राहिला आहे. या भूमीत शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हातात घेऊन गावे झाडली, आणि झाडून झाल्यावर गावाला चार शब्द ऐकविले. शासनाने बाबांच्या नावाने स्वच्छता अभियान काढले, खराट्याचे चित्र भिंतींवर रंगविले. बाबांचे ते चार शब्द मात्र कोणत्याही भिंतीवर रंगविलेले आढळत नाहीत.

आता चळवळीच्या आतूनच येणारा एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे, कारण तो प्रामाणिक आहे. काही कार्यकर्ते म्हणतात: यंत्र कशाला मागता? माणूस उतरविणेच बंद करा. यंत्र आले की तपासणीचा दाखला येईल, दाखला आला की माणूस उतरविणे कायदेशीर होईल, आणि जातीने लादलेल्या कामाला विज्ञानाचा शिक्का मिळेल. या म्हणण्यात तथ्य आहे. २०१३ च्या कायद्यातील व्याख्येतच ही फट आहे. साधनांशिवाय उतरविणे धोकादायक सफाई ठरते, साधनांसह उतरविणे ठरत नाही. म्हणून मागणीचा क्रम चुकता कामा नये. मैला उपसणारी गाडी प्रथम. टाकीत माणूस जाणारच नाही हा नियम, आणि जावेच लागेल तो अपवाद. परंतु यंत्राविना बंदीचा आग्रह धरणाऱ्यांना एवढेच विचारावयाचे आहे की, बंदी १९९३ च्या कायद्यापासून आहे. त्यानंतर गाडलेली प्रेते कोणत्या क्रमाने मोजावीत? जी विहीर २०१३ च्या कायद्यात येतच नाही, जो शेणखड्डा कोणत्याच खात्याच्या नोंदीत नाही, जी पाण्याची टाकी स्वच्छ समजली जाते, तेथे उतरणाऱ्या शेतमजुराला व बांधकाम मजुराला बंदीचा कागद कसा वाचविणार? आणि गाडीची नळी अडकते तेव्हा उतरविला जातो तो माणूसच.

याहून महत्त्वाची गोष्ट पुराव्याची आहे. आज मजूर मेला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, मालक म्हणतो तो आपल्या मर्जीने उतरला, शेजारी गप्प राहतात. हवा कशी होती, याची नोंद कोठेच नसते; प्रेत हीच एकमेव नोंद. प्रत्येक उतरण्यापूर्वी व उतरल्यानंतर आकडे वहीत लिहिण्याची सक्ती झाली, तर वहीतील कोरे पान हाच मालकाविरुद्धचा साक्षीदार ठरेल. म्हणूनच यंत्र नुसते असून भागत नाही. ते कोणाच्या हातात आहे हा खरा प्रश्न आहे. मुकादमाच्या खिशातील यंत्र मुकादमाला हवे ते वाचून दाखवील. कामगाराच्या छातीवर लावलेले यंत्र त्याला नाही म्हणण्याचा अधिकार देईल, आणि त्या नकाराबद्दल मजुरी न कापण्याची हमी सोबत असेल तरच तो अधिकार खरा. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती करून कामगाराला धोक्याचा इशारा देण्याचा हक्क लिहिला गेला. इशारा कशाच्या आधारावर द्यावा हे मात्र त्याच्या हाती दिले गेले नाही.

आणि आता तो कारखाना कायदाही राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. कारखान्याच्या व्याख्येसाठी १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची अट होती. संहितेने ती वीस केली. तालुक्याच्या गावांतील किती तेलघाणे, डाळगिरण्या व छोटी जिनिंगे या वीसच्या आत बसविली जातील, हे हजेरीपट आणि प्रत्यक्ष कामावरची माणसे दोन्ही मोजल्याशिवाय कळणार नाही. ३६ व्या कलमात संसदेने स्वतःच्या हाताने लिहिलेली लेखी दाखल्याची अट संहितेच्या मूळ कलमांत तशी उतरलेली नाही. असे तपशील शासनाने काढावयाच्या मानकांवर व नियमांवर सोपविले आहेत. जे कायद्यात असते ते बदलण्यास संसद लागते. जे नियमात असते ते बदलण्यास एक सही पुरते. व्यवसायसुलभता या गोंडस शब्दाचा अर्थ खड्ड्याच्या काठावरून पाहिला तर असा दिसतो.

दर्यापुरातील कार्यकर्त्यांपुढे या उन्हाळ्याचे काम उघड आहे. माहितीच्या अधिकारात नगरपरिषदेस आणि तालुक्यातील ग्रामपंचायतींस विचारावयाचे: मैला उपसणाऱ्या गाड्या किती, त्या महिन्यातून किती दिवस चालू स्थितीत असतात, चार वायू मोजणारी यंत्रे किती, त्यांचे शेवटचे अंशांकन कोणत्या तारखेस झाले, ती कोणाच्या ताब्यात असतात, आणि टाकी साफ करावयाची असल्यास घरमालकाने काय दराने व कोणाकडे मागणी नोंदवावयाची. गाडीचा दर खाजगी मजुराच्या बोलीपेक्षा चढा असेल तर गरीब घरमालक मजुरालाच बोलावणार. म्हणून हा दर कमी करण्याची आणि लहान घरांना तो माफ करण्याची मागणी त्याच अर्जात हवी. विहिरींचा गाळ काढण्याचे दिवस वैशाखात सुरू होतात. त्यापूर्वी प्रत्येक मोठ्या गावात निदान एक यंत्र, एक कमरपट्टा, एक तिवई व मजबूत दोर ग्रामपंचायतीच्या खर्चाने आणून, ते कुलपात न ठेवता, रात्री-अपरात्रीही हाताशी लागतील अशा जागी ठेवून घ्यावेत. आणि ते वापरण्याचे शिक्षण ज्यांना आजवर खाली उतरविले गेले त्यांनाच प्रथम द्यावे, त्या दिवसाच्या पूर्ण मजुरीसह.

पक्षाच्या सभासदांच्या घरांची यादी शाखांजवळ आहेच. त्या घरांतील टाक्या गेल्या खेपेस कोणी उपसल्या, हा प्रश्न शाखेच्या पुढच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर घ्यावा, आणि उत्तरे इतिवृत्तात नावानिशी लिहावीत.